आधी खूण सांग

मला लोकांची कुलपं बघायची खोड आहे. कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला हातात येण्याआधी माझी नजर दाराच्या कडीवर जाऊन येते. आमच्याकडे कुलूप लावणं हा एक प्रकार आहे आणि किल्ली ठेवणं हा दुसरा. कुलूप चांगलं जाडजूड, पितळी. किल्ली मात्र शेजारणीकडे. शेजारीण बाजारात गेली तर ती किल्ली पलीकडच्या घरी देऊन जाते. मालकीण परत आली की अर्ध्या गल्लीत किल्ली शोधत फिरते, आणि यात कोणालाच काही वावगं वाटत नाही.

यवतमाळात माझा टायपिंगचा क्लास होता. मशिनी गेल्या, कॉम्प्युटर आले, बोर्ड तोच राहिला. आता माझ्याकडे मुलं कमी आणि मोठी माणसं जास्त येतात. कोणाला घरबसल्या बिल भरायचं असतं, कोणाला पुण्यातल्या नातवाचा चेहरा मोठ्या पडद्यावर बघायचा असतो. पहिल्याच दिवशी मी बजावते, पासवर्ड कोणाला सांगायचा नाही. सगळे माना डोलावतात. मग लगेच कोपऱ्यातून हाक येते, "मॅडम, माया पासवर्ड घेऊनच नाई राह्यला, पाहा बरं," आणि तो माणूस खणखणीत आवाजात एकेक अक्षर सांगत सुटतो. मी चिडते. माझं चिडणं क्लासात प्रसिद्ध आहे, आणि त्याचा कोणावर काही परिणाम होत नाही हेही. पण राग उतरला की मला नवल वाटायला लागतं, ही माणसं अशी का वागतात?

पासवर्ड निवडायच्या तऱ्हा तर ऐकत राहाव्यात अशा. पुरुष गाडीचा नंबर ठेवतात, जो गाडीवर पुढं-मागं रंगवलेलाच असतो. बायका मुलांची नावं ठेवतात आणि दिवसभर तीच नावं अंगणात उभं राहून ओरडतात. घाटंजीहून येणाऱ्या एका बाईंनी मात्र मला गारद केलं. त्यांचा पासवर्ड होता नवऱ्याचं नाव. मी म्हटलं, "अहो, हे तर कोणीही ओळखेल." त्या शांतपणे म्हणाल्या, "कसं ओळखन? लग्न झाल्यापासून मी त्याहिचं नाव तोंडातून काढलंच नाई."

"दारावर पाटी असेल ना?"

"पाटी तं हाय. पण पाटीनं घेतलं नाव, म्या कुठी घेतलं?"

त्या दिवशी मी घरी येऊन बाबांना हे सांगितलं. बाबा पोट धरून हसले. मी मात्र विचारात पडले, कारण बाईंचं म्हणणं मला वेडगळ वाटलं नव्हतं. त्यांच्यापुरती ती खरोखर गुप्त गोष्ट होती. घोळ एवढाच की ती जगालाही गुप्त आहे असं त्या धरून चालल्या होत्या.

मग मला एक वेगळाच प्रश्न छळायला लागला. आमच्याकडे लपवणं म्हणजे मनात काळंबेरं असणं. फोनला लॉक लावणाऱ्या सुनेकडे सासू संशयानं बघते आणि मुलाच्या फोनला लॉक असेल तर मामा विचारतो, "काय रे, असं काय हाय तुयाजवळ?" कोणाकडे मुलगी बघायला कोण आलं, कोणाच्या डब्यात आज भाजी नव्हती, कोणाचं पोट बिघडलंय, सगळं सगळ्यांना माहीत. अशा ठिकाणी दोघांतच राहिलेली एखादी गोष्ट सापडेल तरी कुठं? चांगला पासवर्ड म्हणजे शेवटी तेच ना, जे दुसऱ्याला ठाऊक नाही?

बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, बोरी अरबला एकटी राहते. मुलगा नोकरीनिमित्त दूर, वावर मक्त्यानं दिलेलं. सोबतीला एक फोन, ज्याचं सिम मीच घेऊन दिलं होतं. आत्या तोंडानं फटकळ आहे आणि मानपानाला पक्की. दोन वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एकाचा फोन कोणीतरी बळकावला आणि त्यातून सगळ्या गोतावळ्याला लग्नाची पत्रिका धाडली. ती पत्रिका नव्हतीच, फोनमध्ये घुसणारी फाईल होती. ज्याच्या नावानं आली त्याच्या घरी लग्नाचं कोणी नव्हतं, तरी लोकांनी ती पटापट उघडली, कारण आलेली पत्रिका न उघडणं म्हणजे सोयऱ्याचा अपमान. एकामागून एक फोन गेले. आत्याचा वाचला. मी कौतुकानं विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, "मले काई समजलं नाई. पण घरी येऊन कुकू लावल्याशिवाय मी कोनाच्या लग्नाले जात नसतो. फोनवर बलावतेत काय, भिकाऱ्यावानी!"

पुढच्या भाऊबीजेला ती आमच्याकडे आली, तेव्हा मी जेवणानंतर दोघा भावंडांना समोर बसवून रीतसर धडा दिला. भीती घालणारा आणि घाई करणारा फोन आला की सावध व्हायचं. नंबर अनोळखी असेल तर आणखी सावध. आवाज ओळखीचा वाटला तरी फसायचं नाही, आजकाल कोणाचाही आवाज काढता येतो. फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या जुन्या नंबरवर आपण लावायचा. आणि एका खात्रीवर भागत नाही, दुसरी खात्री हवी. बाबा जांभई देत होते. आत्या मात्र पानाचा देठ खुडता खुडता थांबली.

"म्हंजे खूणच ना?" ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते मी ऐकून होते, पण विसरले होते. पूर्वी वावरातून गडी घरी यायचा, मालकानं नवा दोर मागवलाय म्हणायचा. घरची बाई लगेच दोर देत नसे. "खूण काय सांगितली?" असं विचारायची. गडी म्हणायचा, सकाळी तुम्ही भाकर बांधून दिली पण मीठ द्यायचं विसरल्या. मग दोर मिळायचा. पाहुण्याच्या हाती दागिना पाठवायचा असो की माहेरी आलेल्या पोरीला न्यायला कोणी नवखा येवो, खुणेवाचून काही हलत नसे. मी क्लासात दोन महिने जे फळ्यावर आकृत्या काढून समजावते, ते आत्याला लुगड्याच्या निऱ्यांइतकं सवयीचं होतं. मला इतका आनंद झाला की मी तिला पानाचा दुसरा विडा माझ्या हातानं लावून दिला.

त्याच बैठकीत बहीण-भावाची खूण ठरली. बाबा लहानपणी गुरांच्या हौदात पडले होते, आणि आत्यानं त्यांना शेंडी धरून काढलं होतं, ती गोष्ट. आठवडाभरात बोरी अरबच्या त्या अख्ख्या आळीला ती खूण पाठ झाली. आत्यानं प्रत्येकीला बोलावून खुणेची युक्ती कशी नामी आहे हे समजावलं होतं, आणि उदाहरण म्हणून आपलीच खूण सांगितली होती. मी फोनवर कपाळ बडवून घेतलं. आत्या म्हणाली, "अवं, गोठच इतकी मजेची हाय, पोटात कशी राह्यन?"

तिथं मला माझ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक तुकडा मिळाला. चांगली गोष्ट आमच्याकडे दोघांत राहूच शकत नाही. राहिली तर नकोशी राहील, जी सांगण्यात मजा नाही किंवा जी सांगितली तर कोणाच्या तरी अंगाशी येईल. बाबांनी आणि आत्यानं मग माझ्या माघारी दुसरी खूण ठरवली. मी किती खोदून विचारलं! बाबांना चहा करून दिला, रुसून पाहिलं, आत्याला फोनवर आडून विचारलं. दोघंही ताकास तूर लागू देईनात. बाबा नुसते मिशीत हसायचे. खरं सांगायचं तर मला त्या दोघांचा हेवा वाटायचा.

आत्या मात्र खुणेच्या नादी अशी लागली की विचारू नका. सिलेंडरवाल्यानं नेहमीप्रमाणे फोनवर आलेला कोड मागितला तर ही दारात कमरेवर हात ठेवून उभी. "तू पयले खूण सांग."

"आत्याबाई, मी दर खेपेला तुमच्याच घरी आनून राह्यलो ना सिलेंडर!"

"असे लय येतेत."

त्या बिचाऱ्यानं उन्हात उभं राहून विचार केला आणि म्हणाला, "तुमच्या ओट्याखालची फरशी फुटली हाय, अन् तुमी मले दरवेळी म्हनता की ते म्याच फोडली." आत्यानं लगेच कोड दिला. हे मला तिनंच सांगितलं, मोठ्या अभिमानानं. मी हसले आणि मनात म्हटलं, शिकवलेलं वाया गेलं नाही.

यंदा कापूस वेचणी सुरू झाली त्या सुमारास एका सकाळी बाबांच्या हातून चहाचा कप सुटला. मी बघितलं तर त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. शेजाऱ्यांच्या मदतीनं त्यांना खाली उतरवताना माझा फोन जिन्यावर आपटला आणि त्याचा पडदा काळा पडला. तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, मेंदूत गुठळी आहे, औषध दिलंय, पुढचे काही तास बघायचं. रक्तदाब खाली यायला हवा, यांना शांत ठेवा. पण बाबा शांत राहीनात. जड झालेल्या जिभेनं एकच शब्द पुन्हा पुन्हा काढत होते, "बाई... बाई..." आत्याला ते बाई म्हणतात. डावा हात उचलून खाटेची कड ओढत होते, आणि यंत्रावरचा आकडा वर चढत होता. नर्स मला म्हणाली, "बाई कोण आहेत? त्यांना बोलवा लवकर."

मी नर्सचाच फोन मागितला. आत्याचा नंबर मला पाठ होता. पहिल्यांदा तिनं उचललाच नाही. दुसऱ्यांदा कापला. तिसऱ्यांदा उचलला.

"आत्या, मी बोलतेय. बाबांना दवाखान्यात आणलंय. तू लगेच निघ, आत्ताच्या आत्ता."

पलीकडून तिचा करडा आवाज. "कोन मी?"

"अगं मी! माझा आवाज ओळखत नाहीस?"

"आवाज तं आजकाल कोनाचाबी काढता येते. नंबर तुया नाई हाय. भेवही दाखवून राह्यली अन् घाईही करून राह्यली. खूण सांग."

ती अक्षर न् अक्षर बरोबर होती, आणि मी खोटी ठरत होते. तिनं फोन ठेवला. जुन्या नंबरवर आपण लावायचा, हेही मीच शिकवलेलं. म्हणजे आता ती माझ्या नंबरवर फोन लावत असणार, आणि तो माझ्या पिशवीत मरून पडला होता. बाबांचा फोन घरी, कपाच्या तुकड्यांजवळ. तिच्या शेजारणीचा नंबर मेलेल्या फोनमध्ये. मी पुन्हा लावला आणि अक्षरशः रडत म्हटलं, "आत्या, मला तुमची खूण माहीत नाही गं. तुम्ही मला सांगितलीच नाही."

"मंग ज्याले मालूम हाय त्याले दे फोन," आत्या म्हणाली. तिलाही कळत नव्हतं की ती चोराशी बोलते आहे की भावाच्या मरणाशी.

मी फोन बाबांच्या कानाशी धरला. नर्स रागावली नाही, उलट तिनं त्यांची मान सरळ धरली. आत्यानं विचारलेलं मला ऐकू आलं. "खीळ कुठी हाय?"

बाबांचे डोळे एकदम थांबले. ओठ हलले, आवाज आला नाही. त्यांच्या गळ्याची शीर ताठ झाली. मला वाटलं, आता नाही जमायचं. मग लाळेसकट, तुटका, पण एक शब्द आला. "इ... हि... रीत."

पलीकडून आत्याच्या रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. बाबांनी डोळे मिटले. नर्सनं आकड्याकडे बघून मला मान हलवून खुणावलं की उतरतोय. मी खाटेच्या पायाशी खाली बसले, आणि त्या अवस्थेतही, माझा स्वभाव बघा, डोक्यात एकच किडा वळवळत होता. कुठली खीळ? कुठल्या विहिरीत?

दुपारच्या आत आत्या कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आली. तिनं माझ्याशी एक शब्द बोलण्याआधी बाबांचा उजवा हात, जो काही जाणत नव्हता, तो दोन्ही हातांत घेतला आणि चोळत बसली. बाबा झोपले. डॉक्टर संध्याकाळी म्हणाले, धोका टळल्यासारखा आहे, नागपूरला न्यायची गरज दिसत नाही. तेव्हा कुठं आत्यानं घोटभर चहा घेतला, आणि मी न विचारताच सांगायला लागली.

तिचं लग्न झालं तेव्हा बाबा लहान होते. पाठवणीच्या बैलगाड्या वेशीबाहेर निघाल्या आणि नवरीच्याच गाडीचं चाक निखळलं. चाक आसावर धरून ठेवणारी खीळ नव्हती. शोधून सापडली नाही, दिवस कलला, आणि अपशकुन नको म्हणून वऱ्हाड त्या रात्री गावातच राहिलं. आत्याला आईजवळ आणखी एक रात्र मिळाली. गाडीवानाला मात्र सगळ्यांनी बोलून बोलून नको केलं. दारू पिऊन गाडी जुंपली म्हणाले. खीळ बाबांनी काढून विहिरीत टाकली होती, आणि हे आत्यानं गाडीत बसताना पदराआडून बघितलं होतं; दोघांची नजरानजरही झाली होती.

"मी तवाच बोलली असती तं तो गाडीवान सुटला असता," आत्या म्हणाली. "पन मंग ह्याले चामडं निघेपर्यंत मारलं असतं. अन् खरं सांगू, मले ते रात पाह्यजे होती."

इतक्या वर्षांत ती दोघं यावर एकमेकांशीही बोलली नव्हती. खूण ठरवायची वेळ आली तेव्हा बाबांनी फक्त विचारलं होतं, बाई, खीळ आठवते का? दोघांतच राहिलेली गोष्ट कशी असते ते मला कळलं, आणि ती इतकी वर्षं शेजारच्या खोलीत, बाबांच्या पोटात, झोपत होती.

"आता ते खूण बाद," आत्या तोंड पुसत म्हणाली. "नर्सनं ऐकली, तू ऐकली. आता तुयी-मायी पाह्यजे."

"अगं, बाबा आहेत ना. बरे होताहेत."

"हो. पन मी म्हातारी, तो असा. उद्या कोनी मले फोन करन तं तूच करशीन. सांग, तुले अन् मले ठाऊक हाय असं काय हाय, जे कोनालेच मालूम नाई?"

मी आठवायला लागले. लग्नं आठवली, तेरव्या आठवल्या, भाऊबिजा आठवल्या. प्रत्येक ठिकाणी घर भरलेलं होतं. फोनवर बोलले ते बाबा शेजारी बसलेले असताना. आत्याची आणि माझी अशी एक गोष्ट, एक संध्याकाळ, एक भांडणसुद्धा नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि तिला ते दिसलं.

"नाई ना?" ती म्हणाली. "मंग मी थांबतो इथीच थोडे दिवस. होईन काई तरी."

ती थांबली. बाबांना घरी आणलं, ती त्यांना लाटणं धरायला लावून हाताचा व्यायाम करून घ्यायला लागली. भाजी निवडताना मला शिव्या द्यायला लागली. आणि परवा सकाळी, बाबा आत झोपलेले असताना, गच्चीवर आमच्या दोघींच्या हातून असं काही घडलं की आम्ही दोघी भिंतीला टेकून, तोंडात पदर नि ओढणी कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. खाली आलो तेव्हा एकमेकींकडे बघायची सोय नव्हती.

बाबा जागे होते. त्यांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. दवाखान्यातून आल्यापासून ते एकेका शब्दावर भागवत होते: पाणी, उशी, नाही. त्या सकाळी त्यांनी ओठ जुळवले, जरा वेळ लावला, आणि अडखळत का होईना, पहिलं सबंध वाक्य बोलले. "मले... तं सांगा ना... काय झालं ते."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. बाबांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी जरा मोठ्यानं आणि चिडून, आणि आम्ही दोघी त्यांच्या खाटेशी बसून ते ऐकत राहिलो.